झाकणाच्या आतला आकडा

४ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ताईचं आहे, आतलं माझं. तुझा पत्ता मागितला तर म्हणाली, "पत्ता द्यायचा नाही असं कबूल केलंय मी त्याला. तू लिही, मी पोचवते." गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, पण ताई कसली बधते. तेव्हा पहिल्यांदा तिचे आभार मान आणि मग पुढचं वाच.

बातमी अशी की मी गाडी घेतली. हसू नकोस. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करून स्वतः स्कूटरवर फिरणाऱ्या तुझ्या दादाने मोठी, उंच, चामड्याच्या सीटांची, छताला काच असलेली गाडी घेतली. अशा गाडीतून कोणी उतरलं की आपण दुकानात स्टुलावरून उठून उभे राहायचो, आठवतं ना? आता ती इतकी चाललीय की तिच्यासाठी कोणी उठत नाही. मीटरवर दीड लाखाच्या वर आकडा आहे. म्हणजे मीटरवर तरी तेवढा आहे.

तुझी वहिनी दारात उभी राहून पाच मिनिटं बघत होती. मग म्हणाली, "सवत आणायचीच होती तर निदान तरुण तरी आणायची."

तिचं चुकलं नाही. आणली त्या दिवशी गाडी ऐटीत उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मागच्या डाव्या अंगावर कलंडून बसलेली. या गाड्यांना स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात, त्यातली एक रात्रभर हवा सोडत होती. शेजारचे निवृत्त मास्तर फिरायला निघाले होते, थांबून म्हणाले, "काय हो, हिला लकवा?" चावी फिरवली की पंप घरघरतो, गाडी हळूहळू कुल्ला वर करते आणि मग आपण निघायचं. डॅशबोर्डवर इतके दिवे लागतात की लग्नघर वाटावं. छताच्या काचेची पन्हळ तुंबलीय, गाडी धुतली की पाणी आत पायापाशी येतं. नाव मोठं, लक्षण खोटं म्हणतात ते हिच्यासाठीच. तरी रोज सकाळी चहाच्या आधी मी तिच्यापाशी जातो आणि ती किती बसलीय ते बघतो.

आता का घेतली ते विचारशील. आई जाऊन सहा वर्षं झाली. तू गेलास त्यालाही सहा वर्षं झाली, चार दिवस कमी. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकल्यावर एक तर तू घरी येशील, नाही तर कधीच येणार नाहीस. दुसऱ्याची भीती वाटते म्हणून मी पिशव्या आणि पन्हळी सांगत बसलोय, हे तुलाही कळलं असेल.

लिहीन. थोडा वेळ दे.

दादा


२९ जानेवारी

धाकट्या,

पिशवी बदलली. नवी परवडण्यातली नव्हती, मोडीत निघालेल्या गाडीची काढून आणली. दोन दिवस गाडी सरळ उभी राहिली, तिसऱ्या दिवशी उजवी बाजू बसली. वहिनी म्हणाली, "तिला सोबतीची सवय आहे, एकटी कशी बसेल." मग तीही बदलली. इंजिनच्या खालून तेल गळत होतं, त्याची गॅस्केट टाकली. पन्हळ तारेने साफ केली. मागच्या दाराचं कुलूप, पुढची बुशिंग, हँडब्रेकची मोटर. एक काम केलं की दुसरं तोंड वर काढतं. दुकानात गिऱ्हाईक येतं तेव्हा मी गाडीखाली असतो आणि बाहेर फक्त माझे पाय दिसतात. लोक पायांशीच बोलून जातात.

तुला एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, लपवलं. गाडी काळी आहे.

तीच आहे, धाकट्या. आपली म्हैस.

आईने ठेवलेलं नाव. तू पहिल्यांदा दारात आणून उभी केलीस तेव्हा ती म्हणाली होती, "काळी आहे, रुंद आहे आणि रस्त्यातून हलत नाही, मग म्हैस नाही तर काय!" आणि मग रोज संध्याकाळी तिच्यात नुसतं बसायलाही मागायची. पायरी उंच पडायची म्हणून मी लाकडी चौरंगासारखं बुटकं स्टूल करून दिलं. तू आधी स्टूल ठेवायचास, मग तिचा हात धरायचास, आणि ती चढून बसली की म्हणायची, "आता कोणी मला उतरवू नका." ते स्टूल दुकानात आहे. मी त्यावर बसतो.

त्या दिवसानंतर मोडतोडवाल्याने गाडी नेली. मला वाटलं कापली असेल. पण महागड्या गाड्या सहजासहजी मरत नाहीत. कोणीतरी मागचा भाग नवा बसवला, इंजिन बांधलं, रंग मारला. मग दोन मालक झाले. गेल्या वर्षाअखेरीस बाजाराच्या कोपऱ्यावर चार ओळखीच्या गोष्टींवरून ओळखली. सगळ्यात आधी मीटरच्या काचेवरचा ओरखडा, खाली डावीकडे, नखाएवढा.

त्या दिवसाचं मी परत लिहिणार नाही असं ठरवलं होतं. पण थोडं लिहावंच लागेल. आईच्या डोळ्याची तपासणी करून तुम्ही दोघं परत येत होतात. दुपारची वेळ. उताराच्या रस्त्यावर, मधल्या पट्ट्यात, इंजिन एकदम बंद पडलं. स्टिअरिंग जड झालं, ब्रेक दगड झाला. तू कडेला घ्यायचा प्रयत्न करत होतास आणि मागून ट्रक आला. आई मागच्या सीटवर होती. तुझं उजवं मनगट मोडलं. तिला काही कळलंच नसेल असं डॉक्टर म्हणाले, ते आपण सगळ्यांनी मानून घेतलं.

इंजिन उघडल्यावर कारण निघालं. टायमिंग बेल्ट तुटला होता. इंजिनच्या आतला हातभर रबरी पट्टा, तो तुटला की सगळं थांबतं. चौथ्या दिवशी भरल्या घरात मामा म्हणाले, "एवढी मोठी गाडी उडवतोस आणि साधा पट्टा बदलता येत नाही? बहिणीला माझ्या खाल्लंस तू." तू काही बोलला नाहीस. माझ्याकडे बघितलंस. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो.

त्याच दिवशी सकाळी तू आईचा चष्मा गाडीत राहिलाय म्हणून मोडकी गाडी ठेवली होती त्या आवारात एकटा गेला होतास, हात गळ्यात बांधलेला. दोन तासांनी आलास. चष्मा आणलास. मला वाटलं रडत बसला असशील, म्हणून मी मागे आलो नाही.

पाचव्या दिवशी बॅग घेऊन निघालास. दारात थांबून विचारलंस, "दादा, तुला काही बोलायचंय का?"

मी म्हणालो, "स्वेटर घेतलास ना?"

तुझा,
दादा


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

काल ताई आली होती. पत्रं पोचली का विचारलं. म्हणाली, "पोचली. तो घेतो, बघतो आणि खणात ठेवतो. फोडत नाही."

आधी वाईट वाटलं. मग, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. जो वाचत नाही त्याला सांगणं सोपं जातं. म्हणून आज सांगतो.

मीटर मी मागे घेतला होता. तुझ्या गाडीचा.

तू माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून दोन वर्षं काम शिकलास. काटे, दिवे, वायरी, सगळं. पण जास्त चाललेल्या गाडीचा आकडा कमी करायचं काम आलं की उठून बाहेर जायचास. एकदा आईसमोर माझ्याशी भांडलास आणि आईने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "यापुढे आकड्याला हात लावणार नाहीस, म्हण." मी म्हटलं. तू खूश झालास, तरीही दुकान सोडून स्वतःची टॅक्सी चालवायला गेलास, कारण तुला रस्ता आवडायचा.

मी वर्षभर शब्द पाळला. मग तो आला, आपण ज्याला सोनेरी चष्मा म्हणायचो तो गाड्यांचा दलाल. म्हणाला, "ही गाडी तीन जणांनी करून पाहिली, कोणाला जमलं नाही. तुमच्याच्याने होईल का, मला तर शंका आहे." पैशाचं म्हणशील तर त्याने फार काही दिलं नाही. पण माझ्या हाताला तोड नाही असं गावभर म्हणायचे, आणि वर्षभर मला ते कोणी म्हटलं नव्हतं. लहान पोरासारखा फसलो. एका बैठकीत केलं. तीन लाख चार हजार तीनशे सोळाचे चौऱ्याऐंशी हजार तीनशे सोळा. बसवताना पाना निसटला आणि काचेवर ओरखडा गेला.

तीन आठवड्यांनी तू तीच गाडी घेऊन हॉर्न वाजवत दुकानाच्या दारात आलास. आई शेजारी बसलेली. तू उतरलास आणि म्हणालास, "दादा, तुला विचारलं असतं तर नको म्हणाला असतास, म्हणून सांगितलं नाही. पण तो चष्मेवाला म्हणाला, गाडी तुमच्या दादाच्या हाताखालून गेलीय. मग काय, डोळे झाकून घेतली. चौऱ्याऐंशी हजार फक्त!"

मी आत वाकून बघितलं. ओरखडा तिथेच होता.

तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? तू चार दिवस रागावला असतास. आईने तोंड फिरवलं असतं. गाडी परत गेली असती. एवढंच. पण आई सीटवर हात फिरवत होती, तू तिला छताची काच उघडून दाखवत होतास, आणि मी मूग गिळून बसलो.

मग मी चोरून भरपाई करायला लागलो. तू म्हणायचास, "दादा किती लाड करतो हिचे!" आठवतं? ब्रेकचे पाइप बदलले, सांगितलं कंपनीचा माल खराब निघतो. टायर बदलायला लावले, सांगितलं आवाज येतोय. तीन लाखाच्या गाडीला जे जे लागतं ते एक एक करून, वेगवेगळी थाप मारून, करत गेलो. राहिला बेल्ट. तो तासाभरात गुपचूप होत नाही, इंजिनचं पुढचं सगळं सोडवावं लागतं. एकदा जेवताना म्हटलं, "बेल्ट बदलून टाक." तू हसलास. गाडीचं पुस्तक आणलंस, पान काढून माझ्या ताटापाशी ठेवलंस. "हे बघ. दीड लाखाला बदलायचा. माझी अजून एक लाखही नाही. तू म्हातारा झालास, दादा."

पहिला मालक दीड लाखाला बदलून बसला असणार. दुसरी वेळ तीन लाखाला होती. म्हणजे तू गाडी घेतलीस तेव्हाच उलटून गेलेली. पुस्तक बरोबर होतं, तूही बरोबर होतास. चुकीचा होता तो फक्त माझा आकडा.

मी म्हटलं, "बरं."

आई वाढत होती. तिने मला विचारलं, "आणखी घालू?" आणि मी ताट पुढे केलं. त्यानंतर गाडी अकरा महिने चालली.

वहिनीला मागच्या महिन्यात सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला कशाला सांगता? ज्याला सांगायचं त्याला सांगा." तिला कळलं गाडी का आणली. ती परत म्हैस म्हणते गाडीला, सवत म्हणत नाही.

आई तू मारली नाहीस. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं आणि तीन पत्रं लागली. तू गाडी पुस्तकाप्रमाणे ठेवली होतीस. ज्या दिवशी मामा बोलले त्या दिवशी मी उठून एवढंच म्हणायचं होतं, आणि मी अंगठ्याकडे बघत बसलो.

सही काय करू कळत नाही. ज्याला तू दादा म्हणायचास तो.


११ मार्च

सगळी कामं झाली. बेल्ट बदलला, पहिल्याच आठवड्यात बदलला होता, तुला सांगितलं नव्हतं. गाडी आठ दिवस उभी ठेवली तरी बसत नाही. दिवे सगळे गेले. मास्तर म्हणाले, "लकवा बरा झाला वाटतं." एक काम राहिलं होतं आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मीटर.

तुला उस्तादांचा नियम माहीत आहे. आकडा मागे घेतला की मीटरच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने खरा आकडा लिहायचा. मला त्यांनी शिकवलं, मी तुला शिकवलं. "गिऱ्हाइकाला फसवलंस, ते तुझं तू बघ. गाडीला फसवू नकोस. उद्या आपल्यातलाच कोणी उघडेल, त्याला तरी खरं कळू दे." चोरांचाही धर्म असतो म्हणून तू हसायचास. बाहेरच्या कोणाला हे ठाऊक नाही, मेकॅनिकलासुद्धा नाही.

मला माझाच आकडा परत बघायचा होता. तो बघून, मधले सगळे किलोमीटर त्यात घालून, मीटर खरा करायचा होता. एवढं केलं की तुझ्या दारात गाडी आणून उभी करायची, असं ठरवलं होतं.

सकाळी दुकान बंद ठेवलं. आईच्या स्टुलावर बसून मीटर मांडीवर घेतला. सहा स्क्रू. झाकण उलटं करून उजेडात धरलं.

माझा आकडा होता. ३,०४,३१६. त्याच्या खाली दुसरा आकडा होता. ४१,७२४. खाली रेघ. रेघेखाली ३,४६,०४०.

आकडे वाकडेतिकडे होते, डाव्या हाताने काढल्यासारखे. पण चारशे माणसांत तुझी बेरीज ओळखेन मी. हातचा एक डोक्यावर लिहून त्याला गोल करायची तुझी शाळेपासूनची सवय. दोन ठिकाणी हातचा आला होता, दोन्ही ठिकाणी गोल होता.

एक्केचाळीस हजार सातशे चोवीस. घेतल्यापासून त्या दिवसापर्यंत तू चालवलेले.

चष्मा आणायला गेला होतास ना? दोन तास.

वहिनी जेवायला बोलवायला आली, झाकण बघितलं, तिला काही कळलं नाही, मी सांगितलं. ती खाली जमिनीवरच बसली. म्हणाली, "म्हणजे भावजींना माहीत होतं? मामा बोलले तेव्हा? सगळं?"

सगळं. माझं अक्षर तुझ्या खिशात असल्यासारखं होतं आणि तू भर घरात मान खाली घालून बसलास. एक शब्द बोलला असतास तर मामांनी मला उभा चिरला असता. तू बोलला नाहीस. माझ्याकडे बघितलंस. मला वाटत आलं की तू माझ्याकडे आधारासाठी बघितलंस. तू मला बोलायला जागा करून देत होतास. आणि दुसऱ्या दिवशी दारात आणखी एकदा दिलीस.

सहा वर्षं मी समजत होतो की तू अपराधाच्या ओझ्याने गेलास, आणि मी खरं सांगितलं की ते उतरेल. मी तुला मोठं काहीतरी देणार होतो. तुझ्याकडे ते आधीपासूनच होतं. तुला बातमी नको होती. ती मी सांगावी एवढंच हवं होतं.

मला आज आई असायला हवी होती. तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या.


१४ मार्च

धाकट्या,

मामांकडे जाऊन आलो. ताईलाही बोलावून घेतलं होतं, वहिनी बरोबर होती. उभा राहून सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आईच्या डोक्यावरच्या हातासकट. मामा आता थकलेत, कानाला कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मोठ्याने. शेजारच्या घरातही ऐकू गेलं असेल.

मामा रडले. मग म्हणाले, "त्या पोराला मी काय काय बोललो रे." मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. ताईने निघताना माझ्या हातातून पिशवी घेतली आणि दारापर्यंत आली, पण माझ्याशी बोलायला तिला अजून वेळ लागेल.

गाडीचा आकडा खरा केला. तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे बारा. आता तिला बाजारात कोणी विचारणार नाही. मलाही ती विकायची नाही. चांगली चालते. मागच्या सीटवर मी कोणाला बसवत नाही, आईचं स्टूल आहे तिथे.

तुझ्या दारात गाडी घेऊन येणार होतो, ते रद्द केलं. तुझ्या दारात न विचारता उभं राहायचा हक्क मला उरलेला नाही. तू येशील का, हेही विचारत नाही.

हे पत्रही तू खणात ठेवशील, न फोडता. चालेल. म्हणून ताईबरोबर आणखी एक वस्तू पाठवतोय. तिला मी पाकीट केलेलं नाही, कागदही गुंडाळलेला नाही, नुसता दोरा बांधलाय, म्हणजे हातात घेतलीस की वाचावंच लागेल. मीटरचं झाकण आहे. गाडीला दुसरं बसवलं.

वर माझा आकडा आहे, खाली तुझी बेरीज. दारात तू मला जे विचारलं होतंस त्याचं उत्तर मी बेरजेखाली लिहिलंय. आपल्या नेहमीच्या पेन्सिलीने, पण दाबून, जाणार नाही असं.

"हो. बोलायचं होतं. दादा."